हाताला आलेली सवय

नफीसा मुकादम यांची तीस वर्षांची जाण, आठवणींसकट, काल दुपारी यंत्राने इरमच्या मेंदूत उतरवली. आज इरम बिनव्याजी वित्तसंस्थेच्या इचलकरंजी शाखेची प्रमुख म्हणून खुर्चीत बसली. नफीसा मॅडम कौतुकाने शेजारी उभ्या होत्या.

पहिलाच कागद यंत्रमागाचा होता. संस्थेने माग आधी स्वतः विकत घेऊन ताब्यात घ्यायचा, मगच नफा लावून विणकराला विकायचा. नाहीतर तो नफा व्याजच ठरतो. "हात लावून बघितल्याशिवाय ताबा लिहू नका," असं मॅडम नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक तुकडीला बजावत आल्या होत्या.

इरमने 'माग पाहिला, ताब्यात घेतला' या ओळीखाली झोकात सही ठोकली आणि ती दचकली.

"मॅडम, मी तर गोदामात गेलेच नाही! हात आपोआप चालला."

"पहिल्या दिवशी होतं असं," मॅडम पुटपुटल्या.

इरमने डोळे मिटले आणि मॅडमची तीस वर्षं चाळून पाहिली.

"सह्या पुष्कळ आहेत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "माग एकही दिसत नाही."

मॅडमना मान वर करवेना. काल हीच जाण आणखी अकरा शाखाप्रमुखांना दिली होती, आणि आज त्या सगळ्यांचाही पहिला दिवस होता.