मुलाखतीत सांगायचा शब्द

“क्यूट म्हणू नकोस,” लोर्ना म्हणाली. “क्यूट मांजराच्या पिल्लाला म्हणतात. मी सत्तावन्न वर्षांची आहे.”

“मग तुम्हाला काय म्हणू? प्रिटी?” आदिल्सनने विचारलं.

“प्रिटी म्हणजे नाजूक, गोड. नव्या फ्रॉकमधली मुलगी. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं पातेली उचलणाऱ्या बाईला ते शोभत नाही.”

आदिल्सन हसला आणि वहीत लिहून घेऊ लागला. त्याच्या नखांत पांढरा रंग अडकला होता. तो घरं रंगवायचा आणि चार वर्षांपासून लोर्नाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. तिकडे ब्राझीलमध्ये त्याच्या आईची नजर जात चालली होती. अमेरिकेत राहायच्या कागदपत्रांशिवाय तो गेला असता, तर परत येता आलं नसतं. नऊ वर्षं तो गेला नव्हता. गेल्या हिवाळ्यात बटाटे सोलता सोलता लोर्नाच म्हणाली होती, “माझ्याशी लग्न कर. नावापुरतं. कागद हातात आले की तू मोकळा.” तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले होते.

लग्न खरं आहे की नाही हे तपासायला उद्या बॉस्टनच्या इमिग्रेशन ऑफिसात नवरा-बायकोची मुलाखत होती.

“ब्युटिफुलच म्हणतो ना,” तो म्हणाला. “बायकोला सगळे तेच म्हणतात.”

“तिथले अधिकारी आधी माझ्याकडे बघतील, मग तुझ्याकडे. लगेच संशय येईल त्यांना.” लोर्नाने पुसलेली बशी पुन्हा पुसली. “अट्रॅक्टिव्ह म्हण. म्हणजे जिच्याकडे आपली ओढ असते ती. दिसायला कशी का असेना. ते खपेल.”

त्याने तो शब्द तीनदा घोकला.

दुसऱ्या दिवशी तो घोकल्याप्रमाणे बोलला. कुठे अडखळला नाही. अधिकारी बाईने मान वर न करता लिहून घेतलं आणि लोर्नाला विचारलं, “आणि तुम्हाला यांच्यात काय आवडलं?”

हँडसम. एवढंच म्हणायचं ठरलं होतं. लोर्नाने तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर येईना.

“हा ब्रश धुतो ना,” ती म्हणाली, “तर अर्धा अर्धा तास धुतो. तळघरातल्या नळाखाली, गुणगुणत. मी वर ऐकत बसते. संध्याकाळी जिन्यात याचे बूट वाजले नाहीत, तर मला घास उतरत नाही. याला आईला भेटायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. आणि हा परत आलाच नाही तर...”

तिला रडू फुटलं. अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं, कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला आणि पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. “तुमचं काम झालं,” एवढंच म्हणाली.

बाहेर गाड्यांच्या आवारात येताच आदिल्सनने लोर्नाला उचलून गरकन फिरवलं. लगेच आईला फोन लावला. हसत, रडत, भराभर पोर्तुगीजमध्ये बोलला. मग डोळे पुसत लोर्नाकडे आला.

“रडायचं तर आपलं ठरलंच नव्हतं! काय कमाल केलीत तुम्ही! सुचलं तरी कसं?”

“ऐनवेळी सुचलं,” लोर्ना म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून गाडीच्या काचेवरचं बर्फ उघड्या हाताने पुसू लागली.