चुन्याची निवळी

श्वास डोळ्यांनी पाहता येतो काय, असं शेषरावांनी नागपूरच्या मासिकाला विचारलं होतं. उत्तर छापून आलं: चुन्याच्या निवळीत नळीनं फुंका, ती दुधासारखी होईल.

वलगावच्या घरात, भर दुपारी, शेषरावांनी पपईच्या पानाच्या पोकळ देठातून फुंकलं. बुडबुडे आले, निवळी मात्र नितळच राहिली.

“चुना खराब असंन. तू फुंकून पाय,” ते बायकोला म्हणाले.

सत्यभामेनं त्याच पेल्यात फुंकलं. दोन फुंकांत पाणी पांढरं झालं.

शेषरावांनी दुसरा पेला भरला. छाती दुखेपर्यंत फुंकलं. पेल्याचा तळ दिसतच होता.

सत्यभामेनं त्यांच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग त्यांच्यावरची नजर न काढता ती अंगणातल्या पोरीला म्हणाली, “गोदे, घरात येऊ नको.”