बरणीभर पतंग

दिवेलागणीला घड्याळजींनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं, पंखा बंद केला आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण उघडलं.

"उठलं का?" कोपऱ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेल्या वहिनींनी विचारलं.

"अजून आळस देतंय."

छत दुरुस्त करताना वटवाघळाचं हे पिल्लू सापडलं, तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं. आई शेजारीच मरून पडलेली. पहिले काही आठवडे घड्याळजींनी हातमोजे घालून, बारीक ब्रशने, दर तीन तासांनी त्याला शेळीचं दूध पाजलं. आता ते उडायचं, पण भूक लागली की परत त्यांच्याच हातावर, चिमट्यातल्या अळीसाठी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हवेतला किडा स्वतः पकडेपर्यंत सोडू नका. बाहेर चिमटा घेऊन कोण उभं राहणारे?"

वहिनींनी बरणी पुढे केली. आत दहा-बारा पतंग फडफडत होते. "माझ्या कोबीवरचेच आहेत. यांच्या अळ्यांनी पानांची चाळणी केलीय."

"हे मोठं झालं की एका रात्रीत असे शेकडो फस्त करेल."

"करेल तेव्हा करेल. उघडा झाकण."

पतंग दिव्याकडे उडाले. पिल्लू झेपावलं. पहिला हुकला. दुसराही निसटला. दमून ते घड्याळजींच्या बाहीला लटकलं आणि तोंड वासून चिमटा शोधू लागलं. घड्याळजींचा हात अळ्यांच्या डबीकडे गेला.

"भाऊजी, खबरदार!" वहिनी ओरडल्या. "लाड केलेत तेवढे पुरे झाले."

हात थांबला. पिल्लू लटकून राहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. घड्याळजींना त्याच्याकडे बघवेना.

मग ते सुटलं. दिव्याभोवती एक घिरटी, एकदम गिरकी, शेपटीकडची पातळ कातडी ओंजळीसारखी वाकली आणि डोकं त्यात गेलं. वरून दोन पांढुरके पंख भिरभिरत खाली आले. नुसतेच पंख.

"धरला!" वहिनींनी टॉवेल भिरकावला. "दुसराही! अहो, तिसरा!"

खोलीत एकही पतंग उरला नाही, तेव्हा घड्याळजींनी मागची खिडकी सताड उघडली. पिल्लू चौकटीपाशी क्षणभर घुटमळलं आणि गेलं.

वहिनी अनवाणीच मागच्या दाराने धावल्या. कोबीच्या वाफ्यावर, उरल्यासुरल्या उजेडात, ते गिरक्या घेत होतं. गल्लीतून पोस्टमन चालला होता. वहिनींनी त्याची सायकलच धरली.

"वर बघा, वर!"

"काय झालं?"

वहिनींना धाप लागली होती. "आमचं बाळ... स्वतःच्या हातानं जेवतंय!"

पोस्टमन सायकलवरून उतरला आणि मान वर करून बघत राहिला.