नागरवाड्याची तक्रार

“ताई, गटार पार अंगणात आलंय! पाच वाजता पाहुणे येणार, आज आमच्या लेकीचा साखरपुडा आहे!” नागरवाड्यातून उदयसिंहराव फोनवर जवळजवळ ओरडत होते.

बडोदा महापालिकेच्या तक्रार कक्षात बसलेल्या पद्मानं नोंद केली आणि रोजचं सांगितलं. त्या पाण्यात पाय घालू नका, मुलांना लांब ठेवा, घरातले नळ बंद करा, चेंबरभोवती दोरी बांधा. गाडी चारपर्यंत पोचेल, काम मशीनच करेल.

“चारपर्यंत कोण थांबणार? इथं एक माणूस मिळालाय. उतरून अर्ध्या तासात मोकळं करतो म्हणतो.”

पद्माचं पेन थांबलं. “त्याला फोन द्या आधी.”

मयंक नावाचा तो माणूस हसतच बोलला, “चिंता ना करो, बेन. पहेलां वास आवती हती, हवे नथी आवती.”

वास येईनासा होतो तेव्हाच खरी भीती. गटारातला गॅस आधी नाक मारतो, मग माणूस. हे तिनं त्याला गुजरातीत दोनदा समजावलं. तेव्हा तो म्हणाला, “नहीं उतरुं, बेन.”

खासगी माणूस उतरवतायत असं कळलं, की तिथं ताबडतोब निरीक्षक आणि पोलीस पाठवायचे, असा नियम होता. पोलीस पाठवतेय असं सांगत पद्मानं दुसरा फोन उचललासुद्धा.

“पोलीस कशाला, ताई?” फोन परत घेतलेल्या उदयसिंहरावांचा आवाज एकदम मऊ झाला. “दारात पोलीस बघून सोयरे काय म्हणतील? तुम्ही मराठी, आम्ही मराठी. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. आमच्या घराण्यात दिलेला शब्द मोडत नाहीत. कुणी उतरणार नाही. हा माझा शब्द.”

समोर कुणी शहा किंवा पटेल असता, तर पद्मानं त्याचं काहीएक ऐकलं नसतं. पण आपला तो बाब्या! तिचे आजोबाही फौजेतलेच, आणि घराण्याचा शब्द हे तर तिच्या घरातलं रोजचं जेवण. तिनं दुसरा फोन खाली ठेवला. जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर, बडोद्यात अजून अशी माणसं आहेत याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

सव्वातीनला पुन्हा नागरवाड्याचा फोन आला. उदयसिंहराव या वेळी ओरडत नव्हते.

“ताई, पाणी ओसरलं. ती तक्रार बंद करा.”

“ओसरलं? गाडी तर अजून निघायचीय.”

“त्या माणसालाच घाई करायला लावली थोडी. काय करणार, वेळच तशी होती.”

पद्माची नजर दुसऱ्या फोनवर गेली. आपण फोन खाली ठेवला, आपणच. “तुम्ही शब्द दिला होता, उदयसिंहराव!”

“ते राहू द्या आता. दुसरी तक्रार लिहून घ्या.” मग अगदी अदबीनं म्हणाले, “वीस मिनिटं झाली, खालून हाकेला ओ देत नाही तो. पाहुणे यायच्या आत तेवढं उचलून न्यायला सांगा.”