अर्खांगेल्स्कच्या जकात नाक्यावर

जहाजाने शिडं उभारली होती, आणि नेमकी तेव्हाच योरिस या डच व्यापाऱ्याची वही जकात कारकुनाच्या हाती लागली. मॉस्कोत आठ वर्षं कापड विकताना जे जे पाहिलं, ते त्याने आपल्या भाषेत त्या वहीत उतरवलं होतं. दरबारातले खून, दुष्काळातली मढी, आणि 'हा झार तोतया आहे' म्हणणाऱ्यांच्या भर चौकात उडवलेल्या माना.

"व्यापाराला आला होतास, की आमची उणीदुणी लिहायला?" असं म्हणून कारकुनाने झाखार नावाच्या म्हाताऱ्या दुभाष्याला बोलावलं. "वाच रे मोठ्याने. एक शब्द लपवलास, तर याच्याबरोबर तूही लटकशील."

झाखारने वही डोळ्यांजवळ धरली. एका ओळीवर म्हाताऱ्याचं बोट थांबलं, ते बराच वेळ हललंच नाही. मग घसा खाकरून तो वाचू लागला, "मेण यंदा महाग. अंबाडीत ओल फार. कोल्ह्याची कातडी बरी..."

"पुरे," कारकुनाने जांभई दिली. "जाऊ दे त्याला."

झाखार जहाजापर्यंत सोबत आला. वही परत देताना त्याने तेच पान पुन्हा उघडलं.

"मालक, छापताना एवढं दुरुस्त करा," तो हळूच म्हणाला. "मान उडवलेल्या त्या लोहाराचं नाव तुम्ही येरेमेय लिहिलंय. ते येरोफेय आहे."

 

"थोरला मुलगा झाला, तेव्हा मीच ठेवलं होतं ते."