बासची वाटणी

घटस्फोटात भांडीकुंडी बिनतक्रार वाटली गेली. खरी जुंपणार ती रेकॉर्डवरून, हे दोघांनाही ठाऊक होतं. नवऱ्याने बाह्या सरसावून पहिली रेकॉर्ड काढली. “ही माझी. हिच्यातली बास गिटार म्हणजे अजगर सरपटतोय.” “घे.” “आणि ही. इथे ड्रमवाला घसरतो, पण बासवाला त्याला सावरून घेतो.” “नशीब काढलं ड्रमवाल्याने. घे.” प्रत्येकीसाठी त्याने युक्तिवाद पाठ केले होते; बायकोकडून नुसतं ‘घे’ आल्यावर त्याला अपमान झाल्यासारखं वाटू लागलं. खोकं भरल्यावर तिने भावाला हाक मारली. “दादा, तो मोठा स्पीकर टेम्पोत ठेव. बाबांनी मला दिलाय.” नवरा ताडकन उठला. “अगं, त्याच्याशिवाय बास ऐकूच येत नाही! उरलेल्या डबड्यातून फक्त गायकाचे शब्द कळतात!” “मग तेच ऐक,” ती म्हणाली. “शब्द ऐकायची सवय होईल. पुढच्या बायकोला बरं पडेल.”