वस्तादांची चवपट्टी

"वस्ताद, कोलेस्टेरॉल आटोक्यात आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पथ्याच्या बेचव जेवणाला चव आणणारी तुमच्या जिभेवरची ही पट्टी संक्रांतीपासून बंद आहे."

तालमीचे म्हातारे वस्ताद बाजीराव खोत चक्रावले. लोण्याशिवायची भाकरी, जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं मिटक्या मारत खाऊन त्यांनी रोज पट्टीचीच वाहवा केली होती.

घरी येताच त्यांनी सुनेला विचारलं, "कल्पलता, तुला ठाऊक होतं?"

"संक्रांतीला तुम्ही ताट बाजूला सारलंत तेव्हाच कळलं, आबा. मग मसाले भाजून-वाटून रोज नवा डाव टाकत राहिले."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही जेवत होता की!"

आखाड्यात जिंकणाऱ्यालाच फेटा बांधणाऱ्या वस्तादांनी स्वतःचा फेटा उतरवला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"मारलीस गं कुस्ती, पोरी!"